कीर्तिमुखावर चेंबर संगीत लिहिताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सारंगी, पखवाज आणि पाश्चात्त्य तंतुवाद्यं एकत्र घेऊन, एखाद्या पुराणातल्या प्राण्यावर दहा-बारा मिनिटांची चेंबर रचना (म्हणजे मोजक्या वादकांची) लिहू पाहणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. सगळीकडे उदाहरण एकच घेतलं आहे: कीर्तिमुख, मंदिरांवर कोरलेला सिंहमुखी चेहरा. तुम्ही शरभ घ्या, दोन तोंडांचा पक्षी गंडभेरुंड घ्या. हिशेब बदलेल, अडचणी बहुतेक याच राहतील.

कीर्तिमुखच का?

त्याच्या गोष्टीत रचनेचा आराखडा आयता मिळतो म्हणून. जालंधराचा दूत राहू शंकराकडे पार्वतीची मागणी घेऊन गेला. शंकराच्या भुवयांमधून एक भुकेलं, सिंहाच्या तोंडाचं भूत निघालं आणि राहूवर धावलं. राहूने शरण येऊन जीव वाचवला. भुकेचं काय करायचं, असं त्या भुताने विचारलं तेव्हा शंकराने त्याला स्वतःचेच हातपाय खायला सांगितलं. खात खात फक्त तोंड उरलं. तेव्हा प्रसन्न होऊन शंकराने त्याला दारावरची जागा दिली.

म्हणजे सुरुवातीला पूर्ण शरीर आणि शेवटी फक्त चेहरा, आणि खाणाराही तोच. संगीतकाराला यापेक्षा स्पष्ट सूचना कुठला प्राणी देणार? शरभात आठ पाय, पंख, सिंहाचं अंग असा बराच ऐवज आहे, पण तो शिल्पाच्या कामाचा. त्याच्यात आधी काय आणि नंतर काय, हा क्रम नाही. नुसतं ‘भव्य’ किंवा ‘गूढ’ वाटणं दोन मिनिटांत संपतं आणि पुढची दहा मिनिटं भरायची कशाने, हा प्रश्न उरतो.

प्रत्यक्ष बघायला कुठे मिळेल?

मुंबईतून सोपं म्हणजे अंबरनाथचं शिवमंदिर. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० हे साल आहे. अशा जुन्या मंदिरांत नजर वर कळसाकडे जाते. कीर्तिमुख मात्र खांबांवर आणि कित्येकदा चक्क उंबरठ्यावर असतं, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाशी. बघताना एक गोष्ट टिपून ठेवा: बहुतेक कीर्तिमुखांना खालचा जबडा नसतो. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

हा प्राणी आपलाच. मग यात आंतरसांस्कृतिक काय?

तो आपल्यापुरता कधीच राहिला नाही. जावा बेटावर बोरोबुदुरच्या कमानींवर हाच चेहरा ‘काल’ म्हणून बसला आहे. मध्य जावात तो बिनजबड्याचा आहे, पूर्व जावात गेल्यावर त्याला खालचा जबडा फुटतो. चीनच्या प्राचीन कांस्यपात्रांवर ताओतिए नावाचा भुकेला मुखवटा आहे. त्याला डोकं आहे पण धड नाही, आणि माणूस गिळण्याआधीच त्याचा स्वतःचा घात झाला, असं तिथला जुना ग्रंथ सांगतो. हे सगळं एकाच मुळातून आलं असं म्हणायची गरज नाही.

रचनेतला आंतरसांस्कृतिक भाग मात्र प्राण्याच्या वंशावळीवर ठरत नाही. पाच वादकांनी सूर कुठे लावायचा, सम (तालाची पहिली मात्रा) कुणी दाखवायची आणि कुणाला किती मोकळीक, या तीन गोष्टींवर तो ठरतो. त्या नीट ठरल्या नाहीत तर कार्यक्रमपत्रिकेत कितीही संस्कृती लिहा, रंगमंचावर दोन मैफली शेजारीशेजारी चाललेल्या ऐकू येतात.

वाद्यं कोणती घ्यावीत?

व्हायोलिन, व्हियोला, चेलो, सारंगी, पखवाज. तंबोऱ्याऐवजी इलेक्ट्रॉनिक तंबोरा, तोही फक्त सुरुवातीच्या आलापापुरता आणि अगदी हळू.

दुसरं व्हायोलिन घेऊन पूर्ण क्वार्टेट (चार तंतुवाद्यांचा संच) करण्याचा मोह होतो. करू नका. दोन व्हायोलिनं आणि सारंगी एकाच पट्टीत येतात आणि सारंगी गुदमरते. तबला का नाही, असंही विचारलं जातं. तबल्याने काम होईल, पण इथे पखवाजाचे ताल एका खास कारणासाठी हवे आहेत. ते खाली ताल या प्रश्नात आहे.

षड्ज कुठे ठेवायचा?

पांढरी दोन, म्हणजे पाश्चात्त्यांचा डी. तिन्ही पाश्चात्त्य वाद्यांना डी आणि ए या मोकळ्या तारा असल्यामुळे षड्ज-पंचम बोट न लावता मिळतात. जी ही मोकळी तार शुद्ध मध्यम होते. सारंगीलाही ही पट्टी सोसते.

अडचण येते पखवाजाची. ध्रुपदाच्या साथीचा मोठ्या तोंडाचा पखवाज पांढरी एक किंवा काळी एकला खुलतो. त्याला ओढून पांढरी दोनवर आणला की पुडी (तोंडावरचं कातडं) ताणली जाते, गुंज जाते आणि थापेचा आवाज कोरडा होतो. पहिल्या तालमीच्या निदान तीन आठवडे आधी वादकाला पट्टी कळवा, म्हणजे तो लहान तोंडाचा पखवाज बघून ठेवेल. आदल्या दिवशी फोन करून ‘पांढरी दोन चालेल ना?’ विचारलं तर तो ‘चालेल’ म्हणेल आणि तुमचा खर्ज गेलेला असेल.

षड्ज काळी एकवर नेऊन पखवाजाची सोय करता येते, पण मग तिन्ही पाश्चात्त्य वाद्यांच्या मोकळ्या तारा वाया जातात आणि त्यांचा आवाज बंद डब्यातून आल्यासारखा होतो. त्यापेक्षा पखवाज बदलणं स्वस्त.

पियानो किंवा पेटी घेतली तर?

या रचनेत नको. आपण भैरव रागाचे स्वर घेतो आहोत. त्यातला शुद्ध गंधार षड्जाशी नैसर्गिक नात्याने लावला तर ३८६ सेंटवर येतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), पियानोचा गंधार ४०० वर असतो. चौदा सेंटचा हा फरक एकट्या पियानोत कुणाला जाणवत नाही. सारंगीच्या तरफा (मुख्य तारांखाली आपोआप गुंजणाऱ्या तारा) नैसर्गिक गंधारात मिळवलेल्या असताना शेजारी पियानो वाजला की सूर थरथरायला लागतो आणि श्रोत्यांना वाटतं सारंगीवाला बेसूर आहे. बिचाऱ्याची काही चूक नसते. व्हायोलिन आणि चेलोला पडदे नाहीत, ते चौदा सेंट खाली येऊ शकतात. फक्त त्यांना तसं सांगावं लागतं.

राग कोणता, आणि स्वर कसे ‘खायचे’?

भैरवापासून सुरुवात. पांढरी दोनवर त्याचे स्वर असे पडतात: डी, ई फ्लॅट, एफ शार्प, जी, ए, बी फ्लॅट, सी शार्प. सात स्वर. मग एकेक कमी करत जायचं.

पहिल्यांदा निषाद जातो. मग मध्यम जातो. उरले सा, कोमल रे, ग, प, कोमल ध. हे भैरव थाटातल्या विभास रागाचे स्वर आहेत, म्हणजे शरीराचा एक भाग गेला तरी उरलेलं निराकार होत नाही, त्याला ओळख असते. मध्यम गेल्यामुळे जी ही मोकळी तार इथून पुढे निषिद्ध. व्हायोलिनवादकाच्या पानावर ही सूचना ठळक लिहा, कारण हात सवयीने तिथे जातो.

पुढचा स्वर निवडताना सापळा आहे. कोमल रे आणि कोमल ध काढून सा-ग-प ठेवले तर कागदावर छान दिसतं, तीन स्वरांच्या मालश्री रागाची आठवणही होते. पण तीन पाश्चात्त्य तंतुवाद्यं डी, एफ शार्प आणि ए धरून बसली की ऐकणाऱ्याला तो सरळसोट डी मेजर वाटतो. भुकेल्या भुताऐवजी शाळेच्या प्रार्थनेचा सूर निघतो. म्हणून गंधार खायचा. उरतात सा, कोमल रे, प, कोमल ध: दोन स्थिर स्वर आणि त्यांना चिकटून अर्ध्या स्वरावर घासणारे दोन. भैरवाचा चेहरा या दोन कोमल स्वरांतच आहे, तेव्हा ते गंधाराआधी जाता कामा नयेत. त्यानंतर धैवत जातो, मग पंचम. अखेरीस सा आणि कोमल रे.

गंधार काढला तरी तो कुठूनतरी ऐकू येतो. का?

ही चूक नाही. सारंगीला मुख्य तीन तारांखाली पस्तीसच्या आसपास तरफा असतात आणि त्यांपैकी काही गंधारावर मिळवलेल्या असतात. चेलोने षड्ज धरला की त्या स्वराचा पाचवा उपस्वर म्हणजे नेमका नैसर्गिक गंधार. तो त्या तरफांना हलवतो आणि कुणीही न वाजवलेला गंधार हवेत राहतो.

आमचं मत विचाराल तर तो तसाच ठेवा. खाल्लेल्या अवयवाची आठवण यापेक्षा नेमकेपणाने कुठे मिळणार नाही. नकोच असेल तर सारंगीवादकाला गंधाराच्या तरफांवर लोकरी कापडाची पातळ पट्टी सरकवता येते, पण चालू रचनेत त्याला किमान पंधरा सेकंद हात मोकळा द्या. आणि हा प्रकार ऐकू यायचा असेल तर चेलोने कंप न देता, लांब आणि सावकाश बो ओढला पाहिजे. जोरात वाजवून उपयोग नाही, उलट तो झाकला जातो.

ताल कसे निवडले?

पखवाजाचे प्रचलित ताल मात्रांच्या उतरत्या क्रमाने लावले की प्राणी आपोआप आक्रसतो: आदिताल १६, धमार १४, चौताल १२, सूलताल १०, तीव्रा ७. शास्त्रात यतीचा गोपुच्छा नावाचा प्रकार आहे, गाईच्या शेपटीसारखा निमुळता होत जाणारा. कल्पना जुनीच आहे, फक्त इथे ती पूर्ण रचनेवर ताणली आहे.

यातला खरा दागिना चौतालापासून पुढे आहे. चौतालाचा ठेका (तालाचे ठरलेले मूळ बोल) बघा:

धा धा । दिं ता । किट धा । दिं ता । तिट कत । गदि गन

आणि सूलतालाचा:

धा धा । दिं ता । किट धा । तिट कत । गदि गन

चौथा विभाग, दुसरं ‘दिं ता’, गायब. बाकी अक्षर न् अक्षर तेच. आता तीव्रा:

धा दिं ता । तिट कत । गदि गन

पुढचं धड आणखी कमी झालं, शेपूट तशीच. म्हणजे ताल स्वतःला खातो हे श्रोत्याला समजावून सांगावं लागत नाही, ठेक्यात ऐकू येतं. तबल्याच्या तीनताल-झपताल-रूपक या मालिकेत ही गंमत नाही, म्हणून पखवाज. या तीन तालांत पखवाजवादकाला पहिली दोन आवर्तनं (तालाच्या पूर्ण फेऱ्या) शुद्ध ठेकाच वाजवायला सांगा. पहिल्याच आवर्तनात परण (बोलांची लांब रचना) सुरू झाली तर कुणाला काहीच कळणार नाही.

धमार या घरातला नाही. त्याची वाटणी ५, २, ३, ४ अशी आणि समेवर ‘धा’ नसून हलका ‘क’. तो मुद्दाम ठेवला आहे: शरीर लंगडायला लागलं आहे. आदितालाचा ठेका परंपरेप्रमाणे वेगळा वाजतो, तो तुमच्या वादकाकडूनच लिहून घ्या.

एकूण लांबी किती होते?

प्रत्येक तालाची आठ आवर्तनं आणि लय मिनिटाला ६० मात्रा धरली तर आदिताल १२८ सेकंद, धमार ११२, चौताल ९६, सूलताल ८०, तीव्रा ५६. बेरीज ४७२ सेकंद, म्हणजे ७ मिनिटं ५२ सेकंद. आधी अडीच मिनिटांचा आलाप आणि शेवटी तालाबाहेरचा दीड मिनिट धरून साधारण बारा मिनिटं. आवर्तनांची संख्या सगळीकडे आठच ठेवा. आवर्तनच लहान होत असल्यामुळे प्रत्येक भाग आपोआप तोकडा होतो, वेगळी कात्री लावायची गरज नाही.

एका तालातून दुसऱ्यात शिरताना गोंधळ होतो. काय करावं?

तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर संपणारा बोल, लिहून द्या. प्रत्येक तालाची शेवटची दोन आवर्तनं तिहाईला द्यायची आणि तिहाईचा शेवटचा आघात पुढच्या तालाच्या समेवर पडला पाहिजे. म्हणजे तिहाईची लांबी दोन आवर्तनं अधिक एक मात्रा. हिशेब: तीन पल्ले (तोच बोल तीनदा) अधिक दोन दम (मधले विराम).

आदितालातून धमारात जाताना ३३ मात्रा हव्यात: पल्ला ९ मात्रांचा, दम ३ चा. सत्तावीस आणि सहा, तेहेतीस. धमारातून चौतालात २९: पल्ला ९, दम १. चौतालातून सूलतालात २५: पल्ला ७, दम २. सूलतालातून तीव्र्यात २१: पल्ला ७ आणि बेदम, मध्ये श्वासच नाही. नऊ, नऊ, सात, सात. पल्लेही आखडत जातात. तीव्र्याच्या शेवटी तिहाई नको. तिथे ठेका सातव्या मात्रेवर तोडायचा आणि पुढची सम द्यायचीच नाही. पखवाजवादकाला हे जिवावर येतं, पण तोच धक्का हवा आहे.

धमारात जाणारी तिहाई सगळ्यांत जास्त चुकते, कारण शेवटचा आघात ‘धा’ने ठणकावून झाल्यावर लगेच त्याच जागेवरून हलक्या ‘क’चा ठेका धरायचा असतो. तिहाईचा तो ‘धा’ हीच धमाराची पहिली मात्रा, हे दोन्ही प्रकारच्या वादकांच्या कागदावर लिहा. नाहीतर कुणीतरी एक मात्रा थांबतं आणि पुढच्या चौदाच्या चौदा मात्रा घसरतात.

पाश्चात्त्य वादकांना सम कशी समजावायची?

स्वरलेखनातच. त्यांना वाक्य मापाच्या (बारच्या) शेवटच्या मात्रेवर संपवायची सवय असते, आपलं वाक्य पुढच्या मापाच्या पहिल्या मात्रेवर संपतं. म्हणून वाक्याची कमान मापाची रेघ ओलांडून पुढच्या पहिल्या स्वरापर्यंत काढा आणि तो स्वर आधीच्या वाक्यातच मोजा. धमाराचं १४ मात्रांचं माप तुटक रेघांनी ५, २, ३, ४ असं विभागा. दोन साताची मापं केलीत तर ती मंडळी आठव्या मात्रेवर जोर देणार.

एकच स्वरलिपी सगळ्यांना चालेल का?

नाही, आणि तसा हट्टही धरू नका. तिघांना पाश्चात्त्य नोटेशन. सारंगीला भातखंडे पद्धत: कोमल स्वराखाली आडवी रेघ, मंद्राला खाली बिंदू, समेला गुणिलेचं चिन्ह, कालाला, म्हणजे टाळी नसलेल्या ‘खाली’ला, शून्य. पखवाजाला एक पानी नकाशा: ताल, आवर्तनांची संख्या, तिहाईचे बोल आणि कोणत्या आवर्तनात कोण पुढे आहे. सगळ्या कागदांवर आवर्तनांचे क्रमांक सारखे असायला हवेत, १ ते ४०. हे केलं नाही तर तालमीत ‘बार सदतीस’ आणि ‘चौतालाचं तिसरं’ यांचा मेळ लावण्यात अर्धा तास जातो.

आंदोलित कोमल रिषभ व्हायोलिनला चिन्हाने लिहून जमत नाही. नागमोडी रेघ काढली की तो कंप देतो आणि कंप म्हणजे आंदोलन नव्हे. आंदोलन संथ असतं, षड्जाच्या बाजूने उचललेलं आणि गंधाराकडे जरासं झुकणारं. सारंगीवादकाने एक मिनिट वाजवून दाखवावं, व्हायोलिनने कागद न बघता नक्कल करावी, एवढंच. कागदावर ‘कंप नाही’ ही सूचना मात्र पहिल्या ओळीपासून हवी.

उपज, म्हणजे ऐन वेळी सुचेल ते वाजवणं, किती ठेवायची?

आठापैकी तिसरं ते सहावं आवर्तन सारंगीला मोकळं, फक्त पहिल्या तीन तालांत. त्या वेळी बाकी तिघं लिहिलेली साथ वाजवतात. सूलतालापासून सगळं लिहिलेलं. अट एकच: त्या भागात जो स्वर गेला तो उपजेतही गेला. चांगला सारंगिया ही अट आनंदाने पाळतो, पण सवयीचा निषाद एखाद्या मुरकीत डोकावतोच. तालमीचं ध्वनिमुद्रण ऐकवलं की तोही थांबतो.

पाश्चात्त्य वादकांनाही थोडी उपज द्यावी का? वादक पाहून ठरवा. मुंबईत सिनेमाच्या ध्वनिमुद्रणांत वाढलेल्या व्हायोलिनवादकांचे कान दोन्हीकडे तयार असतात. तसा कुणी मिळाला तर आलापात त्याला सारंगीशी दोन-चार वाक्यांचा संवाद द्या.

शेवट कसा करायचा? वादक एकेक करून उठून गेले तर?

ते संगीतकार हायडनने १७७२ साली त्याच्या ४५व्या सिंफनीत करून ठेवलं आहे. तिथे वादकांना घरी जायचं होतं, इथे कुणाला कुठे जायचं नाही. लोक हसतील. सगळे बसून राहूद्यात.

जबड्याची गोष्ट इथे वापरा. तालाबाहेरच्या शेवटच्या भागात मंद्र सप्तक बंद: पखवाज गप्प आणि चेलोने सी व जी या खालच्या दोन तारांना हात लावायचा नाही. पाया काढून घेतल्यासारखा आवाज होतो. वर सारंगी आणि व्हियोला सा-कोमल रे धरतात, व्हायोलिन फक्त षड्जाचा हार्मोनिक (तारेला हलकेच बोट टेकवून निघणारा सूर).

भैरव सकाळचा. कार्यक्रम संध्याकाळी सातला असेल तर?

जाणकार श्रोता विचारणार, आणि त्याने विचारावंच. पर्याय दोन. एक, रविवारी सकाळचा कार्यक्रम घ्या. मुंबईत सकाळच्या मैफलींना श्रोता आहे. दोन, संध्याकाळीच वाजवा आणि पत्रिकेत राग भैरव असं न लिहिता स्वरसमूह म्हणून लिहा, कारण स्वर खात जाणारी रचना तशीही रागाचे नियम मोडतेच. दोन्ही पदरात पाडून घ्यायचा प्रयत्न करू नका.

तालमी किती आणि कशा?

तीन-तीन तासांच्या पाच. पहिली फक्त सारंगी आणि तीन तंतुवाद्यांची, त्यात ताल नाही, नुसते सूर मिळवणं आणि आंदोलन. दुसरी पखवाजासह पण फक्त टाळ्या आणि ठेके: व्हायोलिनवाल्यांनी वाद्य खाली ठेवून हाताने पाचही ताल धरायचे. ही तालीम कंटाळवाणी म्हणून गाळली जाते आणि कार्यक्रमात धमार कोसळतो. उरलेल्या तीन पूर्ण रचनेच्या.

सगळ्यांत हटकून बिघडते ती लय. आवर्तन लहान होत गेलं की सगळे नकळत पळायला लागतात. आपल्याकडे लय चढवण्याची सवय आणि त्यांच्याकडे लहान माप म्हणजे घाई. तीव्र्यापर्यंत ६० ची ७२ सहज होते. मग तीव्रा ५६ सेकंदांऐवजी ४७ मध्ये उरकतो आणि तुटण्याचा धक्का जातो. चौथ्या तालमीत मेट्रोनोमचा नुसता दिवा चालू ठेवा, आवाज बंद.

तरफा मिळवायला अर्धा तास धरा. तालमीची वेळ पाचची असेल तर सारंगीवादकाला साडेचारला बोलवा आणि त्या वेळात खोलीत दुसरं वाद्य वाजणार नाही हे बघा. स्वर कमी होत जाणाऱ्या रचनेचा एक फायदा असा की मध्येच तरफा बदलाव्या लागत नाहीत.

हॉल आणि बैठक?

शंभर ते तीनशे जागांचा हॉल पुरे. नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्राचं लिटल थिएटर आणि एक्स्पेरिमेंटल थिएटर या मापाचे आहेत. चर्नी रोडचं रॉयल ऑपेरा हाऊस, १९११ चं आणि २०१६ मध्ये पुन्हा उघडलेलं, देखणं आहे, पण मोठं.

सारंगी आणि पखवाज जमिनीवर, बाकी खुर्चीत, असं बसवलं तर नजरा जुळत नाहीत. दीड फूट उंचीचा मंच मागवा, प्रत्येकाला निदान चार बाय चार फूट. पखवाजवादकाचा उजवा हात तिन्ही पाश्चात्त्य वादकांना दिसला पाहिजे. त्यांचा संचालक तोच. बारक्या हॉलमध्ये मायक्रोफोन फक्त सारंगीला, तोही नावापुरता.

एसीचा झोत कुठे पडतो ते बघा. पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावलेली कणीक त्या वाऱ्यात वाळते, कडा तडकतात आणि खर्ज वर चढतो. पाण्याची वाटी आणि भिजवलेल्या कणकेचा गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून शेजारी असू द्या. पावसाळ्यात उलटं: बाहेरच्या दमटपणाने उजवी पुडी उतरलेली असते, आत येऊन कोरड्या हवेत ती हळूहळू चढते. वाद्यं कार्यक्रमाच्या दीड तास आधी हॉलमध्ये आणून खोळी काढून ठेवा. आणि लोकलने येणार असाल तर संध्याकाळच्या गर्दीत पखवाज घेऊन सेकंड क्लासात शिरायचं धाडस नको.

असं याआधी मुंबईत कुणी केलं आहे का?

प्राग सोडून १९३४ मध्ये मुंबईत आलेले वॉल्टर कॉफमन यांनी इथे बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी उभी केली आणि आकाशवाणीतही काम केलं; आकाशवाणीची शिवरंजनीतली परिचयधून त्यांच्याच नावाने ओळखली जाते. सिनेसंगीतातले संयोजक अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा जमवून रागांवर आधारित वाद्यवृंदरचना सादर केल्या.

उलट दिशेचं उदाहरण विसाव्या शतकातल्या मेसियाँ या फ्रेंच संगीतकाराचं. शार्ङ्गदेवाचा संगीतरत्नाकर तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारात लिहिला गेला. त्यातल्या १२० देशी तालांची यादी फ्रान्समधल्या एका ज्ञानकोशातून मेसियाँच्या हाती लागली आणि त्याने त्या लयी आयुष्यभर वापरल्या. पण त्याने घेतली ती कालखंडांची मांडणी; आवर्तन आणि सम घेतली नाही. त्यातून त्याचं स्वतःचं थोर संगीत झालं. तुमच्यासमोर मात्र खराखुरा पखवाजवादक बसलेला आहे, त्याला सम सोडून चालणार नाही.

संगणकावर लिहून ऐकता येईल का?

लिहायला म्यूझस्कोर फुकट आहे आणि पुरेसं आहे. ऐकायला नको. ते समान अंतराच्या स्वरांत वाजवतं आणि आंदोलन त्याला माहीत नाही, त्यामुळे शेवटचा भाग हमखास रटाळ वाटतो आणि लोक घाबरून तिथे जास्तीचे स्वर भरतात.

गुरगुरणं, चावणं, असे आवाज घालावेत का?

एकदाही नाही.

हक्क कुणाचे?

राग आणि ताल कुणाच्या मालकीचे नसतात. हयात रचनाकाराची बंदिश किंवा परण जशीच्या तशी घेतलीत तर परवानगी लागते. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे हक्क हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं चालतो. वादकांना त्यांच्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क ५० वर्षं असतो. सारंगीच्या मोकळ्या आवर्तनांचा आणि पखवाजवादकाने बसवलेल्या तिहायांच्या बोलांचा उल्लेख पत्रिकेत त्यांच्या नावाने करा आणि ध्वनिमुद्रणातल्या वाट्याचं पहिल्या तालमीआधी एका कागदावर लिहून सह्या घ्या. रचनाकार म्हणून आयपीआरएस या, संगीताचं हक्कशुल्क गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासदत्व घेतलंत तर रचना पहिल्या प्रयोगाआधीच तिथे नोंदवा, आणि नोंदीत सहरचनाकारांचे टक्के त्या कागदावर लिहिले आहेत तेच भरा.